परभणी विधानसभा मतदारसंघ : पाऊणशे वर्षांची वाटचाल

मतदारसंघाला कार्यालय नसते, घटना नसते, वर्गणीची पावतीपुस्तके नसतात. तरीही दर निवडणुकीला तो नव्याने जमतो, आपला प्रतिनिधी ठरवतो आणि पुन्हा आपापल्या कामाला लागतो. १९५२ पासून हे काम परभणीत अखंड चालू आहे. दुष्काळ आले, राज्य बदलले, राजधानी बदलली, जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, मतपेटीची जागा यंत्राने घेतली. तरीही निवडणूक आयोगाने बोलावले तेव्हा परभणीकर मतदानाला आले. अमृतमहोत्सवाच्या उंबरठ्यावर या मतदारसंघाचा इतिहास एखाद्या संस्थेच्या इतिहासासारखा लिहावा, असे म्हणूनच वाटले. त्यात आमदारांची नावे येणारच, पण या वाटचालीचे श्रेय मतदारांना, पोलिंग एजंटांना, यादी करणाऱ्या गुरुजींना आणि पेट्या वाहणाऱ्या कोतवालांना एकत्रितपणे द्यायला हवे.

पूर्वपीठिका : १९५१ पर्यंत

ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांत १९३७ साली निवडणुका होऊन मंत्रिमंडळे आली, तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. इथल्या शेतकऱ्याला मत नव्हते. कचेरीची भाषा उर्दू होती आणि सभा घ्यायची तरी परवानगी लागे. त्याच १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, त्यामुळे या जिल्ह्याच्या राजकीय जागृतीची नोंद तिथूनच करावी लागते. पुढे हैदराबाद स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. राज्यकारभार लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींना जबाबदार असावा, एवढीच ती मागणी होती, आणि तिच्यासाठी मराठवाड्यातल्या तरुणांनी तुरुंग भोगला. निजाम सरकारने १९३९ मध्ये व्यवसायनिहाय प्रतिनिधित्वाच्या सुधारणा जाहीर केल्या, पण त्यात सर्वसामान्य माणसाच्या मताला जागा नव्हती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर आधी जनरल जयंतनाथ चौधरी यांचा लष्करी आणि मग वेलोडी यांचा मुलकी कारभार आला. म्हणजे स्वातंत्र्य आले तरी आपण निवडलेले सरकार यायला आणखी साडेतीन वर्षे लागली. परभणीच्या मतदाराने पहिले मत दिले ते एवढी वाट पाहून. त्या पिढीने मताला इतके जपले, याचे कारण त्या प्रतीक्षेत आहे.

१९५२ ते १९६० : हैदराबादचा रस्ता, मग मुंबईचा

हैदराबाद राज्याच्या पहिल्या विधानसभेत १७५ जागा होत्या. १०९ मतदारसंघ एका सदस्याचे आणि ३३ दोन सदस्यांचे होते. हिंगोलीसारख्या ठिकाणी एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन आमदार एकाच मतदारसंघातून निवडले गेले. परभणीतून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) अण्णाजीराव गव्हाणे निवडून आले. जिल्हा त्यांना अण्णासाहेब म्हणून ओळखतो. लोकसभेच्या परभणी मतदारसंघातूनही शेकापचेच नारायणराव वाघमारे दिल्लीला गेले. दिल्लीत काँग्रेस, हैदराबादेत बूर्गुल रामकृष्ण राव यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ, आणि परभणीचे दोन्ही प्रतिनिधी विरोधी बाकावर, अशी पहिल्याच निवडणुकीची स्थिती होती. कूळ, लेव्ही, सावकारी हे प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या पक्षाला लोकांनी कौल दिला. सत्तेकडे न पाहता आपले गाऱ्हाणे मांडणाऱ्या माणसाकडे पाहून मत देण्याची इथली रीत तेव्हापासून पडली, असे मला वाटते.

त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने आपली मतपत्रिका पसंतीच्या पेटीत टाकायची. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही मत देता यावे म्हणून केलेली ती योजना. ज्या गावांत शाळा नव्हत्या तिथे पाटील-पटवाऱ्यांनी आणि मोजक्या शिक्षकांनी घरोघर फिरून याद्या तयार केल्या. पावसाळी ओढे, काळ्या मातीचा चिखल आणि पक्क्या सडकांचा अभाव असलेल्या मुलखात मतदान उभे करणाऱ्या त्या कर्मचाऱ्यांची नावे आज कुठल्याही फलकावर नाहीत.

हैदराबादच्या विधानसभेत उर्दू, हिंदी, तेलुगू, मराठी, कन्नड अशा भाषा कानावर पडत. परभणीचा आमदार काचीगुड्याकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीत बसून अधिवेशनाला जाई. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्याच लोहमार्गावर आमदाराची गाडी उलट्या दिशेने, मनमाडकडे धावू लागली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धक्का दिला. मराठवाड्याने मात्र काँग्रेसला मोठी साथ दिली. परभणीची लोकसभेची जागाही काँग्रेसकडे गेली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, आणि अवघ्या साडेतीन वर्षांत परभणीकरांचे तिसरे राज्य सुरू झाले.

साठचे दशक : घडी बसली

महाराष्ट्राच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत, १९६२ साली, २६४ जागा होत्या. दोन सदस्यांचे मतदारसंघ तोवर बंद झाले होते. वेगवेगळ्या पेट्यांची पद्धतही गेली आणि सर्व चिन्हे असलेल्या एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायला लोक शिकले. बोटाला न पुसणारी शाई लागू लागली. त्याच वर्षी १ मे रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. त्यांचा मतदारसंघावर झालेला परिणाम मोठा आहे. गावातल्या कार्यकर्त्याला लढायला जवळचे मैदान मिळाले. आमदारकीचे उमेदवार पुढे जिल्हा परिषदेच्या सभागृहात तयार होऊ लागले.

१९६२ पासून लोकसभेला शिवाजीराव देशमुख काँग्रेसतर्फे सलग निवडून येत होते. पण शेकापचे बळ जिल्ह्यात टिकून होते. शेजारच्या गंगाखेडमध्ये पुढे ज्ञानोबा हरी गायकवाड यांनी हाच पक्ष अनेक वेळा विधानसभेत नेला. परभणी शहरात आणि तालुक्यात गव्हाणे घराण्याने तो जपला आणि विजय गव्हाणे हेही पुढे आमदार झाले. काँग्रेसची बैलजोडी विरुद्ध शेकाप ही लढत गावोगावच्या पारावर वर्षानुवर्षे रंगली. एकाच वाड्यात एक भाऊ काँग्रेसचा आणि दुसरा शेकापचा असे, आणि मतदान झाले की दोघे एकाच बांधावर कामाला जात.

याच दशकात शिक्षणसंस्था उभ्या राहू लागल्या. १९६३ मध्ये श्री शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. इथल्या तरुणांच्या हाती पुढे प्रचाराची सूत्रे गेली. पत्रके लिहिणारे, भिंतीवर गेरूने चिन्ह रंगवणारे, घोंगडी बैठकीत पक्षाची भूमिका समजावून सांगणारे कार्यकर्ते वसतिगृहांतून आले.

सत्तरचे दशक : विद्यापीठ, दुष्काळ, आंदोलन

या मतदारसंघाच्या इतिहासातले हे सर्वांत गजबजलेले दशक. १९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान एकत्र होई. १९७१ ला लोकसभा आधी झाली आणि १९७२ ला विधानसभेचे मतदान परभणीकरांनी प्रथमच स्वतंत्रपणे केले. काँग्रेसचे चिन्ह बैलजोडीवरून गाय-वासरू झाले होते. या काळात काँग्रेसचे रावसाहेब जामकर यांनी परभणीचे प्रतिनिधित्व केले. सहकार आणि शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत जामकर कुटुंबाचे नाव जिल्ह्यात आहे. शहरातले कमलताई जामकर महिला महाविद्यालय त्याची साक्ष देते.

१८ मे १९७२ रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. ते सहज मिळाले नाही. कृषी विद्यापीठ परभणीला व्हावे म्हणून विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी, वकील रस्त्यावर आले होते. त्या आंदोलनात सगळ्या पक्षांचे लोक होते आणि त्याचे श्रेय कोणा एकाच्या पदरात टाकणे योग्य होणार नाही. सत्ताधारी पक्षाला मत दिले किंवा न दिले तरी हक्काची गोष्ट मागून घ्यावी लागते, हे परभणीकर त्या वेळी शिकले. विद्यापीठाला आता वसंतराव नाईक यांचे नाव आहे.

त्याच वर्षी पाऊस गेला. १९७२ च्या दुष्काळाने मतदारसंघाचे चित्र पालटले. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायका, सुकडीच्या रांगा, चाऱ्याविना विकलेली जनावरे यांची आठवण आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात येते. जायकवाडी धरणाचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते घातला गेला होता, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. डाव्या कालव्याचे पाणी परभणीच्या शिवारात येईल, या आश्वासनावर पुढच्या कित्येक निवडणुका लढल्या गेल्या. चाऱ्या निघाल्या, पण कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना पाणी पोचायला फार काळ गेला. माझ्या मते या भागातल्या मतदाराच्या मनात सर्वांत खोल रुतलेला प्रश्न हाच आहे.

१९७४ चे मराठवाडा विकास आंदोलनही याच काळातले. वसमतला आंदोलकांवर झालेल्या गोळीबाराने सारा जिल्हा पेटून उठला. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. नोकऱ्या, रेल्वे रुंदीकरण, अनुशेष या मागण्या घेऊन विद्यार्थी पुढे आले. त्यानंतर आणीबाणी आली. ती उठल्यावर १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत परभणीने पुन्हा शेकापला, शेषराव देशमुख यांना, निवडून दिले. पंचवीस वर्षांपूर्वीचा कौल मतदाराने जणू आठवणीतून बाहेर काढला. १९७८ पासून महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २८८ झाल्या.

ऐंशीचे दशक : जुने ओसरले, नवे आले

१९८० पर्यंत काँग्रेसचे चिन्ह हात झाले होते. रामराव यादव १९८० आणि १९८४ असे दोनदा काँग्रेसकडून लोकसभेवर गेले. शेजारच्या सिंगणापूर मतदारसंघातून सुरेश वरपूडकर यांचे नेतृत्व पुढे आले. परभणी तालुक्यातली बरीच गावे तेव्हा सिंगणापूरला जोडलेली होती. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि परतूर तिकडे गेले, तरी लोकसभेच्या परभणी मतदारसंघाशी त्याचे नाते आजही आहे.

दशकाच्या अखेरीस दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या. घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ झाले, आणि नोव्हेंबर १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेनेच्या पाठिंब्यावर प्रा. अशोक देशमुख परभणीतून जिंकले. महाविद्यालयातली मुले त्या निवडणुकीत प्रथमच मतदार म्हणून उतरली होती. 'गाव तेथे शाखा' हा कार्यक्रम घेऊन शिवसैनिक तालुक्यात फिरत होते. शेकापच्या जुन्या कार्यकर्त्यांची मुले त्यांत मोठ्या संख्येने होती. वडिलांनी सत्तेविरुद्धच्या पक्षात घालवलेले आयुष्य मुलांनी वेगळ्या झेंड्याखाली पुढे चालवले, असा माझा समज आहे, आणि जुन्या कार्यकर्त्यांशी बोलताना तो पक्का होत जातो.

नव्वदचे दशक : धनुष्यबाणाची पकड

१९९० च्या विधानसभा निवडणुकीत हनुमंतराव बोबडे शिवसेनेतर्फे परभणीचे आमदार झाले. तेव्हापासून २०१९ पर्यंत या मतदारसंघाने दुसऱ्या कोणत्याही पक्षाचा आमदार निवडला नाही. १९९५ आणि १९९९ मध्ये तुकाराम रेंगे पाटील निवडून आले. १९९५ ला राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि परभणीचा आमदार सत्ताधारी बाकावर बसला. लोकसभेला १९९६ आणि १९९९ मध्ये शिवसेनेचे सुरेश जाधव, मध्ये १९९८ ला काँग्रेसचे सुरेश वरपूडकर असे प्रतिनिधी लाभले. या वर्षांत काही पक्षांतरे झाली, काही जुने सहकारी दुरावले. त्या साऱ्यांनी मतदारसंघासाठी घेतलेले कष्ट लक्षात घेता त्याचा ऊहापोह इथे करण्याची गरज नाही.

निवडणुकीची रीतही बदलली. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात आचारसंहितेला धार आली. रात्रभर चालणारे भोंगे बंद झाले आणि रंगवलेल्या भिंती पुसल्या गेल्या. खर्चाचा हिशेब मागितला जाऊ लागला. छायाचित्राची मतदार ओळखपत्रे आली. खेड्यातल्या बाईच्या हातात स्वतःच्या नावाचे आणि फोटोचे पहिले सरकारी कागदपत्र आले ते बहुधा हेच. रेशनकार्ड घरच्या कर्त्याच्या नावाचे, सातबारा त्याच्याच नावाचा, पण मतदार ओळखपत्र तिचे होते.

१ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी हे राजकारणातले जुने सोबती प्रशासकीय दृष्ट्या दुरावले. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान पुन्हा एकदा एकत्र झाले.

२००१ ते २०१० : यंत्र आणि नव्या सीमा

२००४ ला सर्व मतदान यंत्रावर झाले. शिक्का आणि घडी घालायची मतपत्रिका यांना निरोप मिळाला, आणि दोन-दोन दिवस चालणारी मतमोजणी दुपारपर्यंत आटोपू लागली. तुकाराम रेंगे पाटील लोकसभेवर गेले आणि विधानसभेला संजय जाधव निवडून आले. परभणीकर त्यांना बंडू जाधव म्हणून हाक मारतात. २००९ लाही तेच जिंकले.

२००८ च्या परिसीमनाने जिल्ह्याचा नकाशा नव्याने आखला. सिंगणापूर मतदारसंघ रद्द झाला. जिल्ह्यात जिंतूर, परभणी, गंगाखेड आणि पाथरी असे चार मतदारसंघ उरले. परभणीला ९६ हा क्रमांक मिळाला. शहर आणि भोवतालची गावे मिळून हा मतदारसंघ झाला, तर तालुक्याचा काही भाग पाथरीला जोडला गेला. तालुक्याचे ठिकाण एक आणि आमदार दुसऱ्या मतदारसंघाचा, अशी अडचण त्या गावांना आजही सोसावी लागते. नव्या रचनेत शहरी मतदाराचे वजन वाढले. पाणीपुरवठा, रस्ते, भुयारी गटार हे विषय शेतीच्या प्रश्नांच्या बरोबरीने सभांत येऊ लागले. २०११ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

२०११ नंतर : मोठी आघाडी, नवे चिन्ह

२०१४ ला दोन्ही बाजूंच्या आघाड्या तुटल्या आणि सगळे प्रमुख पक्ष स्वबळावर उतरले. शिवसेनेचे डॉ. राहुल पाटील ७१,५८४ मते घेऊन जिंकले. दुसऱ्या क्रमांकावर एमआयएम होती, तिला ४५,०५८ मते मिळाली, आणि भाजपचे आनंद भरोसे ४२ हजारांवर राहिले. मते इतकी वाटली जाऊनही फरक साडेसव्वीस हजारांचा राहिला. २०१९ ला डॉ. पाटील यांना १,०४,५८४ मते पडली आणि आघाडी ८१,७९० मतांची झाली.

त्यानंतरचा काळ मतदाराच्या कसोटीचा होता. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. पुढे पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एका बाजूला गेले. दुसऱ्या, म्हणजे उद्धव ठाकरे यांच्या, बाजूला मशाल आली. परभणीचे खासदार संजय जाधव आणि आमदार राहुल पाटील दोघेही उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. २०२४ च्या लोकसभेला धनुष्यबाण परभणीच्या रिंगणातच नव्हता. महायुतीची जागा राष्ट्रीय समाज पक्षाचे महादेव जानकर यांना सोडलेली होती. जाधव १,३४,०६१ मतांनी जिंकले. खरी परीक्षा २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेच्या मतदानात आली. ज्या चिन्हावर तीन दशकांहून अधिक काळ परभणीने बटण दाबले किंवा शिक्का मारला, ते चिन्ह यंत्रावर होते, पण त्यापुढे आनंद भरोसे यांचे नाव होते. सवयीने बोट तिकडे जाऊ नये म्हणून कार्यकर्त्यांनी वाडीवस्तीवर म्हाताऱ्याकोताऱ्यांना मशालीचे चित्र दाखवून समजावले. समोरच्या बाजूनेही तितक्याच जोमाने जुन्या चिन्हाची आठवण करून दिली. २३ नोव्हेंबरच्या मोजणीत डॉ. पाटील यांना १,२६,८०३ आणि भरोसे यांना ९२,५८७ मते मिळाली. राज्यभर महायुतीची लाट असताना परभणीने ३४,२१६ मतांच्या फरकाने आपला आमदार तिसऱ्यांदा निवडून दिला. त्याला विरोधी बाकावर पाठवले नसते तरी चालले असते, असे म्हणणारे आहेत. निधीचा विचार केला तर त्यांचे म्हणणे निराधार नाही. पण १९५२ ची परभणी ज्याला ठाऊक आहे त्याला या निकालाचे नवल वाटणार नाही. दोन्ही उमेदवारांच्या कार्यकर्त्यांनी ही लढत शांततेत पार पाडली, त्याची नोंद इथे कृतज्ञतेने करतो.

सध्याचे कार्य

मतदारसंघाचे रोजचे काम मतदान केंद्रस्तरीय अधिकारी करतात, म्हणजे बीएलओ. त्यांत शिक्षक आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, तलाठी कार्यालयातले कर्मचारी आहेत. आपले मूळ काम सांभाळून ते नाव नोंदवण्याचा नमुना ६, वगळण्याचा ७ आणि दुरुस्तीचा ८ भरून घेतात. गेल्या निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना आणि दिव्यांगांना घरून मत देण्याची सोय झाली, तेव्हा हेच लोक पथकाबरोबर त्यांच्या दारात गेले. दरवर्षी २५ जानेवारीला मतदार दिन साजरा होतो.

एक काम मात्र अपुरे आहे. विधानसभेच्या निवडणुका आता ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात. सोयाबीनची रास, कापसाची वेचणी आणि ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे निघणे याच दिवसांत असते. पुण्याला कामाला गेलेली पोरेही एका दिवसासाठी परत येऊ शकत नाहीत. यादीत नाव आहे पण माणूस गावात नाही, अशी घरे प्रत्येक केंद्रावर सापडतात. त्यांचे मत कसे राखायचे याचा विचार प्रशासनाने आणि सर्व पक्षांनी मिळून करावा, ही या निमित्ताने विनंती.

मतदार नोंदणीसाठी आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज देता येतो. अर्ज आपल्या केंद्राच्या बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत स्वीकारले जातात.